किटण जावं, थर राहावा

आपल्याकडे स्वच्छ भांडं म्हणजे तोंड दिसेल असं भांडं. पितळेला चिंच आणि मीठ, तांब्याला लिंबाची फोड, स्टीलला पूर्वी राख आणि आता द्रवसाबण, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला तारेची घासणी. फळीवर पालथी घातलेली भांडी चमकली की घर नीट चाललंय असं समजतात. मला ही रीत आवडते. पण याच रीतीत वाढलेल्या हातांनी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घासायला घेतला की वर्षानुवर्षांची कमाई एका सकाळी मोरीतून वाहून जाते. बिडाचं भांडं स्वच्छ असतं तेव्हा ते काळं असतं. करडं दिसायला लागलं की ते उघडं पडलं, आणि तांबूस झालं की गंजायला लागलं.

हे काळेपण दोन प्रकारचं असतं आणि सगळी गोम तिथे आहे. एक किटण. करपलेलं पीठ, साखर, डाळ, उडालेलं तेल यांचं साचलेलं पुट. ते तव्याच्या काठाला, कढईच्या कानांखाली, बुडाला जमतं. नखाने टोकरलं तर टवका उडतो, गरम झालं की वास मारतं, आणि त्याच्यावर डोसा टाकला तर नेमका तिथेच चिकटतो. दुसरा तो थर. तोही तेलाचाच, पण त्यात तेलपण उरलेलं नसतं. तापून, हवेतला प्राणवायू घेऊन तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यांचं पातळ, कडक कवच होतं. त्यावरून पांढरं फडकं फिरवलं तर डाग येत नाही, बोटाला तेलकट लागत नाही. किटण काढायचं आणि थर राखायचा, एवढंच बिडाच्या निगेचं काम. मात्र दोन्ही काळेच असल्यामुळे घाईत असलेल्या माणसाला ते एकच वाटतात.

बीड आणि साधं लोखंड यांतला फरक आमच्या सोलापुरात भंगारवाल्याला विचारावा. त्याच्याकडे दोन्हींचे ढीग वेगळे आणि भाव वेगळे. शंका असली तर तो घणाचा एक टोला घालतो. लोखंड वाकतं, बीड तुटतं, आणि तुटलेली कड राखाडी, खरखरीत दिसते. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, सोबत १ ते ३ टक्के सिलिकॉन. पत्र्याच्या तव्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत. या जास्तीच्या कार्बनमुळे बीड ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळतं, पोलादाला १५०० च्या आसपास न्यावं लागतं. म्हणून ते ओतायला सोपं, वाळूच्या साच्यात हवा तो आकार धरतं. पण निवताना तोच कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत अडकून बसतो आणि धातू ठिसूळ करतो. फरशीवर पडलेला पत्र्याचा तवा पोचतो, बिडाचा फुटतो.

या शहराचं बिडाशी नातं स्वयंपाकघराबाहेर जास्त आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पूर्व भागातल्या यंत्रमागांपर्यंत इथलं कापड बिडाच्या सांगाड्यांवर विणलं गेलं. मागाचा धक्का सोसायला जड आणि न लवणारा सांगाडा लागतो, तो बिडाचा. गेल्या काही वर्षांत जे माग बंद पडले ते तुकडे होऊन भंगारात गेले. मंगळवार बाजारात फिरताना बिडाचा तवा हाताला लागला की मला वाटतं, हा धातू याआधी कुठे कुठे खडखडून आला असेल.

अक्कांचा तवाही तसाच भंगाराच्या वाटेवर होता. अक्का म्हणजे आमच्या ओळखीच्या पद्मशाली घरातल्या. दाजी पेठेतलं जुनं घर सोडून त्या मुलाकडे जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये राहायला गेल्या तेव्हा गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली त्यांच्या सासूबाईंचा डोशाचा तवा सापडला. टाकी ठिबकत होती. तव्याच्या मधोमध गंजाने खवले धरले होते आणि काठाला बोटभर जाड किटण. भंगारात द्यायला अक्कांचा हात होईना, आणि नव्या ओट्यावर तो ठेवायला सुनेचं मन होईना. बिडाच्या भांड्यांवर माझा जीव आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून रिक्षात ठेवला आणि माझ्या दारात आणून उतरवला. "बघा, जगला तर," एवढंच म्हणाल्या.

जुनं बीड हातात आलं की आधी त्याला उचलून कानाला धरून लटकवते आणि लाकडी उलथन्याने हलका टोला देते. धड बीड टण्ण वाजतं आणि नाद थोडा टिकतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो, मग तडा डोळ्याला दिसो वा न दिसो. तडा गेलेल्या तव्यावर कष्ट घेऊ नयेत, तापल्यावर तो कधी उघडेल सांगता येत नाही. दुसरी तपासणी सपाट कडाप्प्यावर ठेवून डुगडुगतो का बघायची. आणि भंगारातून कढई घेणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं: जुन्या कढयांत बॅटरीचं शिसं वितळवणारे लोक असतात. जिचा मागचा वापर ठाऊक नाही आणि जिच्या आत राखाडी भुकटी बसली आहे, ती कढई कितीही सुंदर असली तरी स्वयंपाकाला घेऊ नका. घासून सगळं शिसं गेलं याची खात्री घरात करता येत नाही.

अक्कांचा तवा खणखणीत वाजला.

प्रत्येक तवा मुळापासून सोलायचा नसतो. थर बराच शाबूत आहे, एखाद्या जागी तांबूस डाग आहे, तर मूठभर खडे मीठ, चमचाभर तेल आणि जुन्या धोतराची चिंधी पुरते. तव्यावर मीठ टाकायचं आणि तळहाताच्या जोराने गोल गोल रगडायचं. मीठ गंज खातं, थराला फारसं लागत नाही. मग पुसून एकदा तेलाचा हात देऊन तापवायचं, झालं. पण जिथे किटणाखाली गंज आणि गंजाखाली पुन्हा किटण आहे, तिथे वरवरचं रगडून भागत नाही. अक्कांच्या तव्याला धातूपर्यंत उघडं करणंच भाग होतं.

जुनी पद्धत जाळाची. गोवऱ्यांच्या जाळात तवा पुरून लाल होऊ द्यायचा, सगळं किटण राख होऊन पडतं. माझ्या सासूबाई, आमच्या अव्वा, अक्कलकोटकडच्या. त्यांच्या माहेरी असंच करत. पण जाळ सगळीकडे सारखा लागत नाही. एक बाजू आधी फुलते, दुसरी मागे राहते, आणि बीड ही ओढाताण सोसत नाही. तडकतं किंवा वाकडं होतं. फार तापलं तर पृष्ठभागावर लालसर खवले येतात आणि त्यांच्यावर पुढे तेल धरत नाही. पत्र्याच्या तव्याला ही पद्धत चालून जाते. बिडाला मी ती कधीच सुचवणार नाही.

त्यापेक्षा कॉस्टिक सोडा. हे मला अक्कांनी सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्या योग्य बाई आहेत, कारण त्यांच्या घरचा चादरीचं सूत रंगवण्याचा कारखाना होता. रंग चढण्याआधी सुतातलं मेण आणि तेलकटपणा काढायला ते सोड्याच्या पाण्यात उकळतात. तव्यावरचं जुनं तेल आणि सुतातली चिकटी, सोडा दोन्हींचा साबण करून टाकतो. बिडाला मात्र तो काही करत नाही. प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत वीस लिटर पाणी, त्यात अर्ध्या किलोच्या आत सोडा. सोडा पाण्यात थोडा थोडा सोडायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, जागा उघडी, आसपास पोरं नाहीत. ॲल्युमिनियमची बादली किंवा चमचा अजिबात नको. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. अक्का हे सांगत असताना त्यांचा स्वर एकदम कारखान्यातला झाला होता. कामगारांना रोज सांगितलेलं वाक्य असणार ते.

तवा त्या पाण्यात काही दिवस बुडून राहिला. अधूनमधून काढून काथ्याने घासायचा, पुन्हा सोडायचा. पाणी चहासारखं होत गेलं आणि काठाचं किटण मऊ पडून पोपडे सुटू लागले. त्याखाली अक्कांच्या सासूबाईंच्या तव्याची खरी कड निघाली, ओतताना राहिलेल्या वाळूच्या कणांच्या खुणांसकट.

सोडा किटण काढतो, गंज काढत नाही. गंजाला आंबट लागतं. आपल्या घरात पहिली आठवते ती चिंच, आणि ती बरोबरच आठवते. चिंचेतलं आम्ल गंज सोडवतं. जुन्या चिंचेचा दाट कोळ तव्यावर थापून ठेवला आणि नंतर काथ्याने घासला तर हलका गंज निघतो. अक्कांच्या घरी नव्या बिडाला तांदळाचं धुवण दोन-तीन दिवस आंबवून त्यात बुडवून ठेवायची चाल आहे. आंबताना तयार होणारं सौम्य आम्ल तेच काम हळूहळू करतं. खवले धरलेल्या गंजाला मात्र मी व्हिनेगर वापरते, निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी. दर अर्ध्या तासाने तवा काढून घासायचा आणि गंज गेला की लगेच थांबायचं, कारण गंज संपला की आम्ल धातूकडे वळतं. रात्रभर विसरलेला तवा सकाळी खडबडीत होऊन मिळतो.

आणखी एक रीत आहे, विजेची. बॅटरी चार्जरची ऋण तार तव्याला, धन तार लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला, दोन्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, पण एकमेकांना न टेकता. गंज तव्याला धक्का न लावता सुटतो. गॅरेजवाल्या ओळखीच्या माणसाकडे हे सहज होतं. फक्त धन बाजूला स्टीलचा चमचा-डाव लावू नये, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं.

उघडं पडलेलं बीड दिसायला सुंदर असतं, मंद राखाडी. ते पाहत बसायला वेळ मात्र नसतो. धुऊन ओटीवर ठेवला आणि फोन घ्यायला गेलं की परत येईपर्यंत त्यावर नारिंगी धूळ धरलेली असते. म्हणून धुतल्या धुतल्या फडक्याने टिपून थेट मंद गॅसवर. पाण्याचा शेवटचा अंश उडाला, तवा हाताला नीट चटका देण्याइतका तापला, की तेल.

कोणतं तेल, यावर जगभर वाद आहे. मला या वादात सोलापूरच्या बाजूने बोलायचं आहे.

काही तेलं उघड्यावर ठेवली तर वर्षानुवर्षं तेलच राहतात, काही हळूहळू सुकून कडक होतात. हा फरक मोजायला आयोडीन मूल्य नावाचं माप आहे. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं, त्यावरून त्यात एकमेकांत गुंतायला मोकळ्या किती जागा आहेत ते कळतं. खोबरेल तेलाचं हे मूल्य दहाच्या आत, म्हणून ते तव्यावर कधीच नीट धरत नाही. शेंगदाण्याचं शंभराच्या आसपास, मधलं. जवसाचं १७० च्या वर, म्हणून तैलरंगाचे चित्रकार शतकानुशतकं तेच वापरत आले. आणि करडईचं साधारण १३५ ते १५०. करडईच्या तेलात ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं. रंग आणि वार्निश बनवणारेही हे तेल वापरतात, विशेषतः पांढऱ्या रंगांसाठी, कारण जवसाइतकं ते पिवळं पडत नाही.

ज्यांच्या घरात करडईचं तेल असतं त्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. तेलाच्या डब्याच्या तोंडाशी, बरणीच्या बुडाशी, भिंतीवर जिथे तेलाचा हात लागतो तिथे एक पिवळसर चिकट पापुद्रा धरतो, आणि तो साबणाने जात नाही. लोक त्याला कंटाळतात. मला तर तो करडईचा मोठा गुण वाटतो. तव्याला हवं ते हेच तेल आपणहून, थंड हवेत, करून दाखवत असतं. तव्यावर आपण फक्त उष्णता देऊन ते लवकर आणि कडक करून घेतो.

बाहेरचे लोक जवसाची शिफारस करतात. त्याचा थर लवकर आणि चकचकीत बसतो हे खरं, पण फार कडक थर ठिसूळही होतो आणि पापुद्रे सुटून डोशात येतात, असं ते वापरणाऱ्यांचंच म्हणणं आहे. करडईचा थर जवसाहून सावकाश बसतो, पण माझ्या अनुभवात धरून राहतो. आणि तेल इथलंच आहे. सोलापूरच्या कोरडवाहू काळ्या रानात रब्बीला ज्वारी आणि करडई सोबतच येतात. पूर्वी ज्वारीच्या शेताला कडेने करडईचे पट्टे पेरत, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे. काढणीला हातापायांना चिंध्या गुंडाळून बायका उतरत. करडईवर काम करणारं अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं केंद्र सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रात आहे, आणि 'भीमा' हे करडईचं नावाजलेलं वाण इथलंच. पेरा मात्र घटत गेला. काटे, मजुरी, मावा ही कीड आणि स्वस्त मिळणारी दुसरी तेलं. घाण्यावर आज करडईचं तेल मागितलं तर शेंगतेलापेक्षा कमी गिऱ्हाइकं त्याला आहेत असं घाणेवाला सांगतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भाकरी ज्या रानातून येते त्याच रानाच्या बांधावरचं तेल त्या भाकरीच्या तव्याला सगळ्यात चांगलं लागतं, इतका जवळचा मेळ सहसा सापडत नाही.

लावायची पद्धत. तापलेल्या तव्यावर दोन-चार थेंब, सुती चिंधीने पुढे, मागे, कडेला, कानाला, सगळीकडे. आणि मग दुसरी, कोरडी चिंधी घेऊन ते सगळं तेल पुसून काढायचं, चुकून लागलं होतं असं समजून. बाळाच्या टाळूला लावतो त्याहूनही कमी तेल तव्यावर राहायला हवं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. तेल जास्त तर थर जाड, असं वाटतं. जास्त तेल आतपर्यंत गुंतत नाही, वर मेणचट राहतं, बोट चिकटतं, आणि तेच पुढे किटण होतं. पातळ थर एकावर एक, हाच मार्ग.

मग गॅस. ओव्हन असेल तर सोपं, तवा पालथा घालून २०० ते २५० अंशांत तासभर ठेवायचा आणि आतच निवू द्यायचा. माझ्याकडे ओव्हन नाही, आणि या गावातल्या बहुतेक घरांत नाही. बीड उष्णता धरून ठेवतं, पण पसरवायला मंद आहे. ॲल्युमिनियम त्याच्या चौपट-पाचपट वेगाने पसरवतं. म्हणून बर्नरच्या वर तेवढं वर्तुळ तापतं आणि कडा गार राहतात. आधी अगदी मंद आचेवर सगळा तवा सारखा गरम होऊ द्यायचा, मग मध्यम, आणि तवा सतत सरकवत राहायचं. कधी ही कड ज्वाळेवर, कधी ती. धूर यायला लागतो. खिडक्या उघड्या हव्यात, दम्याचा माणूस घरात असेल तर हे काम शेगडी गच्चीवर नेऊन करावं. धूर मंदावला, तेलाची ओली चमक गेली, पृष्ठभाग तपकिरी-मंद दिसू लागला की तो थर बसला. गॅस बंद, आपोआप निवू द्यायचं. गरम बिडावर गार पाणी मारायचं नाही, तडकतं. निवला की पुन्हा दोन थेंब.

पहिल्या थरानंतर तवा तपकिरी असतो, तांब्याकडे झुकणारा, आणि मन थोडं खट्टू होतं. दुसऱ्या-तिसऱ्याने गडद होतो. पुढे पुढे तो काळा होतो, पण मला वाटतं खरा काळा रंग गॅसवर येत नाही, स्वयंपाकाने येतो. अव्वा म्हणायच्या, "तव्याला कामाला लाव गं, नुसतं तेल काय पाजतीस." आणि त्या बसलेल्या जागेवरून विचारायच्या, "काय करलालीस आता?" मी अजून तवा पुसतच असायची.

कामाला लावायचं म्हणजे नव्या थरावर लगेच डोसा घालायचा नाही. आधी दोन कांदे उभे चिरून सढळ तेलात काळपट होईतो परतायचे आणि टाकून द्यायचे. मग धपाटी. सोलापुरी घरात हे सोपं आहे, धपाट्याला तेल सोडावंच लागतं. ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, लसूण, तीळ, तिखट, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर अलगद उलटलेलं धपाटं, कडेने तेल. जितकी धपाटी, तितका थर घट्ट. त्यानंतर घावन, मग डोसा. पहिला डोसा फाटला तरी तवा बिघडला असं समजायचं नाही. आच उतरवायची, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, आणि पुढचा घालायचा.

भाकरीचा तवा मात्र वेगळा हवा, यावर मी ठाम आहे. मालदांडी ज्वारीच्या पिठाची भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, की ती ओली बाजू थेट बिडाला लागते. वर कोरडं पीठ जळतं, आच मोठी, तेलाचा थेंब नाही. थराला न मानवणारं सगळं एकाच वेळी. भाकरीच्या तव्याला थर लागतो तो गंज आवरण्यापुरता, डोशाच्या तव्याला लागतो तो अन्न सोडवण्यासाठी. एकाच तव्याकडून दोन्ही कामं मागितली की डोसा चिकटतो आणि दोष तव्याला जातो. अक्कांच्या सासूबाईंच्या तव्यावर, अक्का सांगतात, कधी भाकरी पडली नाही. मागाचा कारखाना सुटायच्या वेळेला त्यावर एकामागून एक डोसे निघत आणि घरातलं कोणीही त्याला साबण लावत नसे.

साबणाबद्दल मी जरा मऊ झाले आहे. जुना घरगुती साबण तीव्र क्षाराचा असे, तो थर खरोखर खात असे. मोठ्या बायकांचा नियम तिथून आला आणि त्या काळी तो बरोबर होता. आजचा सौम्य द्रवसाबण गुंतलेला थर सोडवू शकत नाही. मासळी किंवा अंडं केलं तर थोडा साबण लावून पटकन धुवायला हरकत नाही. घात करतात त्या तीन गोष्टी: तारेची घासणी, खरखरीत भुकटी, आणि रात्रभर मोरीत पाण्यात पडलेला तवा. कामाला येणाऱ्या मावशींना हे समजावून सांगावं लागतं, कारण काळं भांडं त्यांच्यासमोर ठेवणं म्हणजे घासायचं आव्हानच. आमच्याकडे तवा त्यांच्याकडे जातच नाही. गरम असतानाच उलथन्याने खरवडते, चिकटलं असेल तर चमचाभर पाणी टाकून वाफ काढते, फडक्याने पुसते, आणि गॅसवर मिनिटभर ठेवून तेलाचा पुसट हात.

या पद्धतीला जवळजवळ पाणी लागत नाही, आणि सोलापुरात ही लहान गोष्ट नाही. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उजनीचं पाणी नळाला येतं ते काही दिवसांआड. पिंप भरून पुरवून पुरवून वापरणाऱ्या घरात, पुसून ठेवता येणारं भांडं ही सोयीची गोष्ट आहे. इथली कोरडी हवाही बिडाला मानवते. कोकणातल्या माझ्या बहिणीला पावसाळ्यात जितकी राखण करावी लागते, तितकी मला मे महिन्यात लागतच नाही.

श्रावणात मात्र लागते. नागपंचमीला आपल्याकडे तवा चढवत नाहीत, चिरत नाहीत, तळत नाहीत. पुरणाची दिंडं उकडतात. अव्वा आदल्या संध्याकाळी घरातले सगळे तवे-कढया काढून बसायच्या. किटण खरवडायचं, पुसायचं, तापवायचं, तेलाचा हात द्यायचा, आणि दोन तव्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी चूल त्यांना बोलावणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे ते काम निवांत व्हायचं. दमट हवेत तवा ओला ठेवला तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि सणाची सुट्टी तव्याच्या कामी लावायची युक्तीही त्यांचीच. आमच्याकडे अजून तसंच चालतं.

बिडात काय शिजवू नये हेही सांगते. चिंचेची आमटी, टोमॅटोचा रस्सा, ताकाची कढी, आंबट काहीही फार वेळ उकळायचं नाही. आंबट थर सोलतं, पदार्थ काळवंडतो आणि लोखंडाची चव उतरते. थोडं लोखंड अन्नात उतरतंच, आणि अशक्त बायकांना ते उपयोगी पडतं म्हणून डॉक्टरही बिडाची कढई सुचवतात. पण त्यासाठी पालेभाजी, उसळ, बेसन पुरे. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, कढईत झाकून ठेवायची नाही. शेंगा चटणीचे दाणे भाजायला तर बिडाच्या कढईला तोड नाही. दाणा मंद आचेवर सारखा, खरपूस भाजला जातो, करपत नाही, आणि त्याचं सुटलेलं तेल कढईलाच लागतं.

अक्कांचा तवा आता त्यांच्या सुनेच्या ओट्यावर आहे. तिने पहिल्या आठवड्यात मला फोन करून विचारलं की मधोमध एक फिकट गोल दिसतो आहे, खराब झाला का. नाही, बर्नरच्या वरची जागा आहे ती, आच फार मोठी ठेवतेस, एवढंच सांगितलं. एक थर दिला की भरून येईल, आणि तो तिने स्वतः दिला. करडईचं तेल माझ्याकडून नेलं.

यंदा संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर मला बिडाचं आप्पेपात्र मिळालं, नवं, काळा रंग फासलेलं. हा रंग काढल्याशिवाय त्यात काही शिजवायचं नाही, तो तेलाचा थर नव्हे. आप्पेपात्र तव्याहून अवघड, कारण प्रत्येक खळग्यात हात फिरवावा लागतो आणि तळाशी तेलाचा थेंब जमून मेणचट होतो. त्यासाठी मी लाटण्याच्या तुटलेल्या टोकाला चिंधी बांधून बोळा केला आहे, तो खळग्यात बरोबर फिरतो. तापवताना पालथं घालायचं म्हणजे जादा तेल खाली निथळतं. शनिवारी अक्का येणार आहेत. सोडा त्या आणतील, मोजे आणि बादली माझी. आणि अक्कांनी बजावलंय की सोड्याचं पाणी या वेळी त्याच करणार.